दिवसाचा ताळेबंद : कार्यालयीन कामाच्या काही सवयी

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'कार्यालयातील काम चांगले कसे करावे' या विषयावर आम्ही दोन शब्द बोलावेत, असा आग्रह संस्थेने धरला. व्यवस्थापनशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आजतागायत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहोत. तेव्हा मोठी तत्त्वे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. टेबलावर रोज ज्या गोष्टी उपयोगी पडतात, तेवढ्याच आपल्यापुढे ठेवतो.

हा विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. या सभागृहात बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकजण आपल्या घरातून कार्यालयात जाणारी पहिलीच व्यक्ती ठरणार आहेत. ज्या घरात दोन पिढ्या नोकरी झाली, तिथे फाइल कशी चालते, साहेबांना काय विचारावे, रजेचा अर्ज कसा लिहावा, हे जेवताना कानावर पडते. आपल्याकडे ते खुर्चीवर बसल्यावर शिकावे लागते. परीक्षा आपल्याला दारापर्यंत नेते. दाराच्या आत गेल्यावर सोमवारी सकाळी नेमके काय करायचे, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसते. विचारावे तर 'याला काही येत नाही' असा शिक्का बसेल, ही भीती. मग नवीन माणूस मान खाली घालून सगळ्यांची कामे घेत राहतो, रात्री आठपर्यंत बसतो, आणि तरीही 'काम अपुरे' हा शेरा त्याच्याच वाट्याला येतो. उमेदवारीच्या पहिल्या सहा महिन्यांत झालेले मत पुढे कितीतरी वर्षे पुसले जात नाही.

यावर आमच्याजवळ एकच उपाय आहे, आणि तो बँकेनेच आम्हाला शिकवला. तो म्हणजे नोंद. जे काम लिहिले ते आपल्या हातात राहते. जे डोक्यात ठेवले ते निसटते, आणि निसटल्यावर त्याचा दोष बहुधा सर्वात कनिष्ठ माणसाकडे येतो.

बँकेच्या शाखेत दिवस आपोआप उगवत नाही, तो उघडावा लागतो. संगणकावर दिवस उघडल्याशिवाय शाखेत एक रुपयाही जमा होत नाही. मग दिवसभर नोंदी होतात, संध्याकाळी ताळा पाहिला जातो आणि दिवस बंद केला जातो. हाताने लेजर लिहीत त्या काळातही हीच रीत होती. उघडणे, नोंदणे, ताळा पाहणे आणि बंद करणे, या चार पायऱ्यांनीच आपण आपला कामाचा दिवस पाहू.

दिवस उघडताना

खुर्चीवर बसल्याबरोबर समोर येईल त्या कामाला हात घालू नका. पहिली दहा मिनिटे वही घ्या आणि आज झालीच पाहिजेत अशी तीन कामे लिहा. दहा नव्हे, तीनच. दहा लिहिली की 'रात्र थोडी सोंगे फार' अशी गत होते आणि कागद पाहायचाच कंटाळा येतो.

लिहिताना मोघम लिहू नका. 'केवायसीचे काम उरकणे' हे उद्दिष्ट झाले नाही. 'राहिलेल्या चाळीस फॉर्मपैकी पंधरा जेवणाच्या सुट्टीपूर्वी तपासणे' हे उद्दिष्ट झाले. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली या विषयावर निबंध लिहिला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासह त्यावर दीर्घकाळ काम केले. 'होईल तेवढे करा' असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट पत्करलेला माणूस जास्त काम करतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी उद्दिष्टाच्या पाच कसोट्या मांडल्या : ते नेमके असावे, मोजता यावे, कोणी करायचे ते ठरलेले असावे, आवाक्यातले असावे आणि त्याला मुदत असावी. यातली तिसरी कसोटी आपल्याकडे हमखास विसरली जाते. बैठकीत 'आपण हे करून टाकू' असे सगळे म्हणतात, आणि महिनाभराने कळते की 'आपण' या नावाचा माणूस कार्यालयात कोणीच नव्हता.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. काही गोष्टी आपल्या हातातल्या असतात, काही नसतात. वरून आकडा येतो, 'या महिन्यात इतक्या विमा पॉलिसी झाल्या पाहिजेत.' पॉलिसी घेणे न घेणे ग्राहकाच्या हाती आहे. रोज पाच ग्राहकांशी नीट बोलणे आपल्या हाती आहे. आपल्या वहीत दुसरी गोष्ट लिहा आणि ती चोख करा. आकडा गाठण्यासाठी एखाद्या म्हाताऱ्या पेन्शनराच्या गळ्यात त्याला नको असलेली पॉलिसी बांधणे हे उद्दिष्ट गाठणे नव्हे. तो माणूस विश्वासाने खिडकीपाशी येतो, तो विश्वास मोडणे होय. विद्यार्थ्यांनाही हाच भेद लागू आहे. परीक्षेचा निकाल हातात नाही, पण रोज चाळीस गणिते सोडवणे हातात आहे.

ठरवलेले काम टळू नये म्हणून वेळ आणि जागा यांच्याशी त्याची गाठ मारून ठेवावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिले आहे. 'व्हाउचर लावायची आहेत' असे म्हणण्यापेक्षा 'जेवून जागेवर आलो की आधी व्हाउचर लावीन' असे ठरवले, की काम होण्याची शक्यता वाढते. यात कसलाही चमत्कार नाही. घरातली बाई चुलीवर आधण ठेवले की तांदूळ निवडायला घेते, त्यातलाच हा प्रकार.

नोंद करताना

आता संगणकाकडे येऊ. कला शाखेची मुले एक्सेलचे नाव काढले की बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. एक्सेल म्हणजे रेघा आखलेले रजिस्टरच, फक्त बेरीज स्वतः करणारे. डॅन ब्रिकलिन या हार्वर्डमधील विद्यार्थ्याला ही कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम तयार केला. तो १९७९ साली बाजारात आला. एक आकडा बदलला की पूर्ण तक्ता पुन्हा खोडून लिहावा लागे, तो त्रास वाचवणे एवढाच हेतू होता. एक्सेल १९८५ मध्ये आले. ते विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळते आणि शिकण्यापुरते ते पुरेसे आहे.

पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कामाचे एक रजिस्टर ठेवा. सहा रकाने पुरतात : काम आल्याची तारीख, कोणी दिले, काय काम, मुदत, स्थिती आणि पूर्ण झाल्याची तारीख. सातव्या रकान्यात आजच्या तारखेतून काम आल्याची तारीख वजा करण्याचे सूत्र टाका, म्हणजे कोणते काम किती दिवस पडून आहे ते रोज आपोआप दिसेल.

हे रजिस्टर मांडण्याचे थोडे नियम आहेत. एका ओळीत एकच काम, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती. मध्ये रिकाम्या ओळी सोडू नयेत. शोभेसाठी घरे एकमेकांत मिसळू नयेत, नंतर क्रम लावताना ती आडवी येतात. शीर्षकाची ओळ गोठवून ठेवावी. स्थितीच्या रकान्यात 'बाकी', 'चालू', 'पूर्ण' एवढे तीनच शब्द यादीतून निवडता येतील अशी सोय करावी. नाहीतर एकजण 'पूर्ण', दुसरा 'झाले', तिसरा 'ओके' लिहितो आणि मोजणी कधीच जमत नाही. मूळ माहिती एका पानावर आणि बेरजा दुसऱ्या पानावर ठेवाव्यात.

काही सापळे मात्र माहीत असले पाहिजेत. एक्सेल कोणत्याही आकड्यातले पहिले पंधरा अंकच जपते. सोळा अंकी खाते क्रमांक साधा आकडा म्हणून भरला, तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळते. म्हणून ज्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते रकाने भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करून ठेवा. तारखेचे तसेच. ०३/०४ म्हणजे आपल्याला तीन एप्रिल, पण संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर चार मार्च. परदेशातल्या शास्त्रज्ञांनाही याचा फटका बसला. काही जनुकांच्या संक्षिप्त इंग्रजी नावांना एक्सेल मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजून बदलून टाकत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने त्या नावांतच बदल केल्याचे जाहीर केले.

हे गमतीचे झाले. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये गंभीर प्रकार घडला. कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांतून सुटली. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. मित्रांनो, तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी माणूस असतो, हे टेबलावर बसताना विसरू नका.

आणखी एक सूचना. आपल्या कामाच्या रजिस्टरमध्ये किंवा खासगी मोबाइलमध्ये ग्राहकांचे खाते क्रमांक, आधार क्रमांक, फोन नंबर उतरवून ठेवू नका. ती माहिती ग्राहकाने कार्यालयाला दिलेली असते, आपल्याला नव्हे.

ताळा पाहताना

नोंद झाली म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या कारकुनांकडून आमच्यापर्यंत आलेल्या दोन युक्त्या आजही चालतात. बेरजेत फरक आला तर आधी त्याला नऊने भाग जातो का ते पाहा. भाग गेला तर बहुधा दोन अंक उलटसुलट पडलेले असतात. ६,३८० च्या जागी ६,८३० लिहिले तर फरक ४५० येतो आणि त्याला नऊने निःशेष भाग जातो. भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ती सापडली तर नावेची नोंद जमेला किंवा जमेची नावेला गेलेली असते. पाचशे व्हाउचर पुन्हा चाळण्याचा वेळ एवढ्याने वाचतो.

ताळ्याची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्या माणसाची नजर. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची असा दंडक आहे. पुष्कळांना तपासणी हा अपमान वाटतो. पण एक उदाहरण सांगतो. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये निबंध लिहिला. देशाचे कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपुढे गेले की विकासाचा दर फार घसरतो, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी जगभर या निबंधाचा आधार घेतला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातला अभ्यास म्हणून तेच गणित पुन्हा मांडत होता. त्याचे उत्तर काही जुळेना. मूळ तक्ता मागवून पाहिला तेव्हा दिसले, की सरासरी काढताना वीसपैकी पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्या आहेत. तक्त्यातली ही चूक आणि आकडेवारी निवडण्याच्या पद्धतीतील इतर उणिवा दुरुस्त केल्यावर त्या गटाचा सरासरी दर उणे ०.१ टक्के नव्हे, तर अधिक २.२ टक्के निघाला.

यातून दोन गोष्टी घ्या. मोठ्या माणसाच्या तक्त्यातही चूक राहू शकते, म्हणून आपला तक्ता कोणी तपासला तर राग मानू नका. आणि आपण लहान आहोत म्हणून उत्तर जुळत नसताना गप्प बसू नका. 'साहेब, माझी बेरीज वेगळी येते आहे, एकदा बघाल का?' एवढे नम्रपणे म्हणायला पदवी लागत नाही आणि पदही लागत नाही.

दिवस बंद करताना

आता शेवटची पायरी, जी सर्वात जास्त दुर्लक्षित आहे. दिवस उघडणे सर्वांना येते, बंद करणे थोड्यांना येते.

कामाचे तास मर्यादित असावेत ही कोणाची मेहेरबानी नाही. त्यामागे इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती हा श्रमाचाच भाग आहे, ही जाणीव त्या कायद्यात आहे. तो कायदा कारखान्यांचा होता, पण शरीर मजुराचे असो की कारकुनाचे, थकते तसेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्यालाही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात कामाशी निगडित बाब म्हणून स्थान दिले.

आपण म्हणाल, तास काय आमच्या हातात आहेत? मार्चअखेर आहे, माणसे कमी आहेत, साहेब सांगतात. हे खरे आहे. सगळे आपल्या हातात नाही, पण काही आहे, आणि इथेच आपले रजिस्टर कामाला येते. पाचवे काम अंगावर आले की नुसते 'जमणार नाही' म्हणू नका, आणि मुकाट्याने घेऊही नका. रजिस्टर समोर ठेवा आणि म्हणा, 'साहेब, आज माझ्याकडे ही चार कामे आहेत. हे पाचवे आधी करायचे असेल तर यातले कोणते उद्यावर टाकू?' यात उद्धटपणा नाही, कामचुकारपणाही नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, एवढेच यात आहे. आम्ही पाहिले आहे की बहुतेक अधिकारी याला नीट उत्तर देतात, कारण तोवर त्यांच्यापुढे ती यादी कोणी ठेवलेलीच नसते. तोंडी सांगितलेले महत्त्वाचे काम असेल तर 'आपल्या सूचनेप्रमाणे हे करीत आहे' असा दोन ओळींचा ई-मेल पाठवा. पुढे कधी प्रश्न उभा राहिला तर त्या दोन ओळी आपल्या पाठीशी राहतात.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे वही पुन्हा काढा. झालेल्या कामांवर रेघ मारा आणि उद्याचे पहिले काम लिहा. हा आपला दिवसाचा ताळेबंद. राहिलेले काम कागदावर उतरले की ते रात्री उशाशी येत नाही. घरी गेल्यावर कार्यालयाच्या मोबाइल गटातला प्रत्येक संदेश उघडून पाहण्याची सवय लावून घेऊ नका. खरोखर तातडीचे असेल तर माणूस फोन करतो.

शरीराबद्दल थोडक्यात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी लांब, वीस फुटांपलीकडे पाहावे, डोळ्यांना आराम मिळतो. पडदा डोळ्यांच्या उंचीला, पाय जमिनीला टेकलेले असावेत. पाण्याची बाटली टेबलावर ठेवावी. डबा सहकाऱ्यांसोबत खावा, फाइल पुढ्यात ठेवून नव्हे. जेवणाच्या त्या अर्ध्या तासात नव्या माणसाला जेवढे शिकायला मिळते, तेवढे प्रशिक्षण वर्गातही मिळत नाही.

रजा घेण्याची लाज वाटू देऊ नका. बँकेत जोखमीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. तो मुख्यतः गैरव्यवहार टाळण्यासाठी आहे. पण त्यातून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, की माणूस दहा दिवस नसला तरी कार्यालय चालते. अर्थात नोंद चोख असेल तरच. आपले रजिस्टर वाचून दुसऱ्याला काम पुढे नेता आले पाहिजे. स्वतःवाचून काम अडावे यात मोठेपणा नाही.

आमच्या भगिनींविषयी वेगळे सांगितले पाहिजे. त्यांचा दिवस कार्यालयात बंद होतो आणि घरी पुन्हा उघडतो. तेव्हा घरातील पुरुष मंडळींनीही एक यादी करावी आणि 'कोणी करायचे' ही तिसरी कसोटी तिथेही लावावी. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दळण, औषधे, सगळे त्यात लिहावे. 'आपण' या नावाचा माणूस घरातही नसतो.

मित्रांनो, हे सर्व उद्यापासून एकदम करायला जाऊ नका. एक वही घ्या. सकाळी तीन कामे लिहा, संध्याकाळी रेघ मारा. महिनाभर एवढेच करा. सवय अंगवळणी पडली की मग एक्सेलचे रजिस्टर उघडा. संस्थेच्या सभासदांनाही विनंती, की शिष्यवृत्तीचे अर्ज, वाचनालयाची पुस्तके आणि वर्गण्या यांच्या नोंदी या विद्यार्थ्यांच्या हाती सोपवाव्यात आणि जाणत्या सभासदाने त्या तपासाव्यात. संस्थेचे काम होईल आणि मुले नोकरीला लागण्यापूर्वीच तयार होतील. उमेदवारीचे सहा महिने त्यांना मग जड जाणार नाहीत.



जय भीम.